लाल भाताची बुरशी: रंग वेगळे काढणं आणि त्यांची रचना ठरवणं

काचनळी (धागालेखक)

नैसर्गिक खाद्यरंगांच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की मोनॅस्कस बुरशीचा लाल रंग आशियात शेकडो वर्षं खाल्ला जातोय, तेव्हा त्याची रासायनिक तपासणी करत बसायची गरज नाही. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते फार लांबलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मुळात 'मोनॅस्कसचा लाल रंग' असा एक पदार्थ नाहीच. वाफवलेल्या तांदळावर मोनॅस्कस पर्प्युरियस वाढवतात. आधी पांढरी बुरशी दिसते, मग नारिंगी होते, आणि शेवटी दाणा आतपर्यंत गडद लाल होतो. चीन, तैवान, जपान, इंडोनेशियात हा भात मद्य, टोफू, मासे, मांस यांच्यासाठी वापरतात. वेंट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये जावातल्या अशाच भातातून या बुरशीचं वर्णन केलं. त्या एका दाण्यात मुख्य रंगच सहा असतात: पिवळे दोन (मोनॅसिन, अँकाफ्लेविन), नारिंगी दोन (रुब्रोपंक्टॅटिन, मोनॅस्कोरुब्रिन), लाल दोन (रुब्रोपंक्टामिन, मोनॅस्कोरुब्रामिन). शिवाय अमिनो आम्लं जोडली गेलेले लाल रंग वेगळेच. आणि रंगांखेरीज बुरशी आणखी काय काय बनवते, ते पुढे येईलच.

वेगळे कसे काढायचे? भात कमी तापमानावर वाळवून दळायचा. हे रंग उजेडात उतरतात, त्यामुळे सगळी भांडी फॉइलमध्ये गुंडाळायची. पहिली धुलाई हेक्झेनची, तांदळातली आणि बुरशीतली चरबी निघून जावी म्हणून. हा हेक्झेन पिवळा येतो आणि 'तेलच आहे' म्हणून बरेच जण टाकून देतात. तो अजिबात टाकू नका. मोनॅसिन आणि अँकाफ्लेविन हे सर्वांत कमी ध्रुवीय, म्हणजे पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळणारे, त्यांचा बराच भाग तिथेच असतो. नंतर इथिल अ‍ॅसिटेट, शेवटी पाणी मिसळलेलं अल्कोहोल. अमिनो आम्लवाले लाल रंग या शेवटच्या टप्प्यात येतात.

मग सिलिकाचा कॉलम, म्हणजे सिलिकाच्या भुकटीने भरलेली उभी नळी. हेक्झेनमध्ये पॅक करायचा, अर्क थोड्या सिलिकावर सुकवून वर घालायचा आणि इथिल अ‍ॅसिटेटचं प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचं. पिवळा पट्टा सर्वांत आधी उतरतो, मागून नारिंगी. लाल वरतीच चिकटून राहतो, त्याला ध्रुवीय द्रावक लागतो. पट्टे इतके सुरेख वेगळे होतात की वाटतं झालं काम. पण प्रत्येक पट्टा ही एक जोडी आहे. जोडीतल्या दोघांत फरक एवढाच की एकाची बाजूची साखळी दोन कार्बनने लांब. सिलिकाला हा फरक फारसा कळत नाही. त्यासाठी सी-१८ (तेलासारख्या लांब कार्बनसाखळ्या लावलेल्या) कॉलमवर एचपीएलसी, म्हणजे दाबाखाली द्रावक ढकलून पदार्थ वेगळे करणं, करावी लागते. तिथे आखूड साखळीवाला आधी येतो, लांब साखळीवाला नंतर.

एक खबरदारी. नारिंगी फ्रॅक्शनच्या (कॉलममधून वेगळ्या जमवलेल्या भागाच्या) आसपास अमोनिया किंवा प्राथमिक अमाइन (अमोनियासारखं नायट्रोजनयुक्त संयुग) येऊ देऊ नका. टीएलसी प्लेट (सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी, तिच्यावर पदार्थांचे ठिपके वेगळे होतात) अमोनियाच्या वाफेवर धरली तर नारिंगी ठिपका डोळ्यांदेखत लाल होतो. कड्यातला ऑक्सिजन जातो आणि त्याच्या जागी नायट्रोजन बसतो. बुरशीतही हेच घडतं, म्हणून माध्यमात नायट्रोजनचा स्रोत कोणता आणि पीएच किती यावर भात नारिंगी राहणार की लाल होणार हे ठरतं. पिवळा ठिपका मात्र त्याच वाफेवर तसाच राहतो. का, ते रचना कळल्यावर समजतं.

आता रचना. दृश्य वर्णपटात पिवळे ३९०, नारिंगी ४७०, लाल ५१० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. यावरून कूळ कळतं, रेणू कळत नाही. मग मास स्पेक्ट्रोमेट्रीने, थोडक्यात 'मास'ने, रेणूचं वस्तुमान. मोनॅस्कोरुब्रिनचं ३८२, मोनॅस्कोरुब्रामिनचं ३८१. ऑक्सिजन १६ गेला आणि त्याच्या जागी एनएच, म्हणजे १५ आला, म्हणून एक कमी. रेणूत नायट्रोजनची संख्या विषम असली की वस्तुमान विषम येतं, हा बी.एस्सी.ला शिकलेला नियम इथे अगदी लख्ख दिसतो.

पण खरी जोडणी एनएमआरवरच उलगडते: चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या रेणूतला कोणता हायड्रोजन, कोणता कार्बन कोणाच्या शेजारी हे ते दाखवतं, आणि आलेखावरची जागा पीपीएममध्ये मोजतात. १.९ पीपीएमच्या जवळ एक मिथिल, आणि दुहेरी बंधावरचे दोन हायड्रोजन एकमेकांशी १५-१६ हर्ट्झने जोडलेले: म्हणजे ट्रान्स प्रोपेनिल (दुहेरी बंध असलेला तीन कार्बनचा गट, हायड्रोजन विरुद्ध बाजूंना). सिस, म्हणजे दोन्ही एकाच बाजूला, असता तर १०-११ दिसलं असतं. १.७ च्या आसपास तीन हायड्रोजनचा एकटा सिंगलेट (न फाटलेला संकेत): हा मिथिल अशा कार्बनवर आहे ज्यावर हायड्रोजनच नाही. एचएमबीसी (दोन-तीन बंध दूरचे हायड्रोजन आणि कार्बन जोडून दाखवणारं एनएमआर) काढलं की हाच मिथिल शेजारच्या कीटोनकडे बोट दाखवतो, आणि तिथून कडं जुळत जातं. ०.९ ला साखळीच्या टोकाचा मिथिल. सगळं मांडून शेवटी मोनॅस्कोरुब्रिनचा २३ कार्बन, २६ हायड्रोजन, ५ ऑक्सिजन हा हिशेब जुळला पाहिजे. एक कार्बन जरी उरला तर रचना चुकली.

'लाल रंग सुरक्षित आहे का' या प्रश्नाला उत्तर देण्याआधी 'कोणता रेणू' हे सांगता आलं पाहिजे. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

---

बाभूळबन

सुंदर लिहिलंय. हेक्झेनची गोष्ट कोणत्याही पुस्तकात इतकी स्पष्ट वाचली नव्हती. एक शंका: एनएमआर नव्हतं तेव्हा ही मंडळी काय करत होती?

---

काचनळी

@बाभूळबन, रेणू तोडत होती आणि तुकडे ओळखत होती. आधी स्फटिक मिळवायचे, वितळबिंदू स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण करायचं, जाळून कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण काढायचं. मग अल्कलीने, ओझोनने तोडायचं. प्रोपेनिल गट असेल तर ओझोनच्या क्रियेतून अ‍ॅसिटाल्डिहाइड मिळतं, साखळी असेल तर तिच्या लांबीचं मेदाम्ल. अँथ्राक्विनोन (तीन जोडलेल्या कड्यांच्या) कुळातल्या रंगांसाठी जस्ताच्या भुकटीबरोबर ऊर्ध्वपातन करायचे; सगळे ऑक्सिजन निघून मूळ अँथ्रासीनचा सांगाडा हाती यायचा. ग्रेब आणि लीबरमान यांनी १८६८ मध्ये मंजिष्ठाच्या कुळातल्या अ‍ॅलिझरिनचा सांगाडा असाच शोधला. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये हॅरोल्ड रेस्ट्रिक यांच्या गटाने १९३० च्या दशकात हेल्मिंथोस्पोरियम बुरशीतून हेल्मिंथोस्पोरिन, कॅटेनारिन असे अँथ्राक्विनोन रंग वेगळे केले. बुरशींच्या रसायनशास्त्रात त्या गटाचं काम फार मोठं आहे.

मोनॅस्कसच्या रंगांनी मात्र सगळ्यांना दमवलं. मोनॅसिन झुरिकला पॉल कारर आणि सालोमन यांनी १९३२ मध्ये वेगळं केलं, त्याच वर्षी जपानमध्ये निशिकावा यांनी मोनॅस्कोरुब्रिन. कारर म्हणजे पुढे १९३७ चं नोबेल मिळालेले. त्यांच्या हातात शुद्ध पदार्थ होता, तरी रचना पक्की व्हायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला: रुब्रोपंक्टॅटिनची रॉबर्टसन यांच्या गटाकडून १९५९ मध्ये, मोनॅस्कोरुब्रिनची जपानमध्ये नाकानिशी यांच्या गटाकडून १९६२ मध्ये. अँकाफ्लेविनचं नाव तर १९७३ मध्ये यादीत आलं. एनएमआर प्रयोगशाळांत पोचायला लागल्यावर हे काम मार्गी लागलं, हा योगायोग नाही.

---

जुनंखोड

तो मूळ प्रतिसाद माझा होता. काचनळी ताई, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे. पण मुद्दा तोच राहतो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी खाल्लं, काही झालं असतं तर कळलं नसतं का? कारखान्यातल्या लाल रंगापेक्षा हे बरंच की.

---

काचनळी

@जुनंखोड, तुम्ही इथे येऊन लिहिलंत हे बरं झालं.

अचानक उलटी-जुलाब झाले तर लोकांना कळतं. मूत्रपिंडावर हळूहळू होणारा परिणाम परंपरेला कळत नाही, कारण कारण आणि परिणाम यांत वर्षं जातात.

मोनॅस्कस एक जीवाणुरोधक पदार्थ बनवते हे १९७० च्या दशकात लक्षात आलं आणि त्याला मोनॅसिडिन-ए असं नाव दिलं गेलं. ती चांगली गोष्ट मानली जात होती, अन्न टिकवायला उपयोगी. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या ब्लां आणि सहकाऱ्यांनी त्याचं मास आणि एनएमआर काढलं. तो निघाला सिट्रिनिन. सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विष, १९३१ पासून माहीत असलेलं. हेदरिंग्टन आणि रेस्ट्रिक यांनी ते पेनिसिलियम सिट्रिनममधून काढलं होतं. म्हणजे एकच रेणू दोन नावांनी वावरत होता आणि एका नावाखाली त्याला गुणकारी म्हटलं जात होतं. रचना ठरली तेव्हा हे उघड झालं.

त्यानंतर युरोपीय संघाने लाल भाताच्या पूरक गोळ्यांसाठी सिट्रिनिनची मर्यादा घातली: २०१४ मध्ये किलोला २००० मायक्रोग्रॅम, आणि २०१९ च्या नियमाने ती १०० वर आणली. परंपरा खोटी आहे असं मी म्हणत नाही. परंपरेतला कोणता वाण, कोणती आंबवण्याची रीत, यात किती विष तयार होतं हे मोजता येतं, तर मोजावं.

---

निशिगंध

मी नोकरीनिमित्त ओसाकाला असते. २०२४ चं प्रकरण इथे कोणी लिहिलेलं दिसत नाही म्हणून लिहिते. मार्चमध्ये कोलेस्टेरॉलसाठीच्या लाल भाताच्या गोळ्या बाजारातून परत घेतल्या गेल्या, कारण त्या घेणाऱ्या लोकांना मूत्रपिंडाचा त्रास झाला होता. आमच्या ओळखीच्या घरांत काही दिवस कपाटं उघडून डबे तपासणं चालू होतं. सिट्रिनिन नव्हतं असं सांगत होते. मग काय होतं? बातम्यांत 'अनपेक्षित पीक' असा शब्द सारखा यायचा, तो तेव्हा मला कळला नव्हता.

---

काचनळी

@निशिगंध, खूप आभार. हे लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं.

एचपीएलसीच्या आलेखात प्रत्येक पदार्थाचा एक उंचवटा येतो, तो पीक. चांगल्या बॅचचा आलेख आणि शंकास्पद बॅचचा आलेख एकावर एक ठेवले तर शंकास्पद बॅचमध्ये एक जास्तीचा पीक होता. तो होता प्युबेरुलिक आम्ल: ८ कार्बन, ६ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन, वस्तुमान १९८. हे मोनॅस्कसचं नव्हेच. कारखान्यात शिरलेल्या पेनिसिलियमचं ते उत्पादन होतं. उंदरांवरच्या चाचण्यांत ते मूत्रपिंडाला इजा करतं हे पुढे त्याच वर्षी जपानच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं.

या रेणूचा इतिहास विलक्षण आहे. बर्किनशॉ आणि रेस्ट्रिक यांनी १९३२ मध्येच तो पेनिसिलियम प्युबेरुलममधून काढला होता आणि सूत्र बरोबर दिलं होतं, पण जोडणी कोणाला सुचत नव्हती. १९४५ मध्ये मायकेल ड्यूअर यांनी त्याच्या भावंडासाठी, म्हणजे स्टिपिटॅटिक आम्लासाठी, सात कार्बनच्या अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे बेन्झिनसारख्या स्थिर कड्याची, ट्रोपोलोनची, कल्पना मांडली आणि हे कूळ उलगडलं. तेव्हा बेन्झिनच्या सहा कार्बनांपलीकडे असं काही असेल हे सहजी कोणाच्या मनात येत नव्हतं. नव्वद वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेने निव्वळ जिज्ञासेपोटी नोंदवून ठेवलेला रेणू, म्हणून २०२४ मध्ये त्या पीकला नाव देता आलं. मला याचं फार मोल वाटतं.

सिट्रिनिनची चाचणी उत्तीर्ण झाली, कारण तिने फक्त सिट्रिनिनबद्दल विचारलं होतं.

---

कोरडवाहू

आमच्याकडे खरिपाची ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दाणा भरताना पाऊस लागला की काळी पडते, काही कणसं गुलाबी होतात. व्यापारी भाव पाडतो, मग ती घरी खायला नाहीतर जनावराला. तो गुलाबी रंग याच जातीतला का? धुतल्यावर रंग बराच जातो, मग चालते का?

---

सूक्ष्मदर्शी

@कोरडवाहू भाऊ, मी बुरशींवर काम करतो, म्हणून मी उत्तर देतो. जात वेगळी. काळेपणा बहुतेक करून कर्व्हुलेरियाचा, गुलाबी फ्युझॅरियमचा. फ्युझॅरियमचे रंग नॅफ्थोक्विनोन वगैरे कुळातले, बायकाव्हेरिन, फ्युझारुबिन अशी त्यांची नावं.

पण धुण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो नीट सांगतो. फ्युझॅरियमचं फ्युमोनिसिन हे विष रंगहीन आहे. साध्या यूव्ही डिटेक्टरलासुद्धा दिसत नाही. त्याला आधी दुसरं रसायन जोडून चमकतं करावं लागतं, मग मोजता येतं. म्हणजे रंग गेला म्हणून विष गेलं असं धरता येत नाही. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक-आंध्रच्या गावांत, पावसात भिजून बुरशी आलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकरी खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तपास केला आणि धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. गुलाबी दाणे निवडून बाजूला काढा, खाऊ नका. जनावरालाही, विशेषतः घोड्याला, देऊ नका.

---

कोरडवाहू

कळलं. घोडं नाही आपल्याकडं, पण शेरडं आहेत. घरात सांगतो.

---

पेट्रीप्लेट

नमस्कार मॅडम, मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला बुरशीचे रंग घ्यायचेत. हॉस्टेलच्या ओल्या भिंतीवरून एक लाल रंग सोडणारी बुरशी पीडीएवर (बटाट्याचा अर्क घातलेल्या अगरवर) वाढवली आहे, अगरमध्येसुद्धा रंग पसरलाय. तिच्यावरच काम केलं तर चालेल का?

---

सूक्ष्मदर्शी

@पेट्रीप्लेट, आधी ती प्लेट टेपने बंद कर आणि तुझ्या गाइडना दाखव. अगरमध्ये पसरणारा लाल रंग अनेक जाती देतात, त्यांत टॅलॅरोमायसेस मार्नेफाय पण आहे. ती दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्या माणसांना गंभीर आजार करते. आपल्याकडे मणिपूरमध्ये रुग्ण सापडले आहेत. तुझी तीच असेल असं नाही, शक्यता कमीच आहे. पण ओळख पटल्याशिवाय उघड्या टेबलावर हाताळायची नाही. आयटीएस भागाचं (बुरशीची जात ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या तुकड्याचं) सिक्वेन्सिंग करून घे. आणि प्रोजेक्टसाठी सरळ नोंदलेलं कल्चर माग: पुण्यात आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. वाणाचा क्रमांक मिळतो, त्यामुळे तुझं काम दुसऱ्याला पुन्हा करून बघता येतं.

---

काचनळी

सहमत. त्यात भर: सिट्रिनिनची तपासणी प्रोजेक्टचा भाग कर. साध्या सिलिका प्लेटवर ते शेपूट सोडत पसरतं, कारण आम्ल आहे. प्लेट आधी ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणात बुडवून वाळवली की ठिपका गोळीबंद येतो. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पिवळसर चमकतं. नुसत्या चमकेवर जाऊ नकोस, मोनॅसिनही चमकतं. शेजारी प्रमाणित सिट्रिनिनचा ठिपका हवाच. हातमोजे, फ्यूम हूड, आणि दळताना मास्क.

---

जुनंखोड

ताई, जपानचं वाचून विचारात पडलो. एक घरचा प्रश्न. माझ्या मेव्हण्यांना कोणीतरी कोलेस्टेरॉलसाठी लाल भाताच्या कॅप्सूल दिल्यात, आणि त्यांची स्टॅटिनची गोळी चालू आहे.

---

काचनळी

@जुनंखोड, त्यांच्या डॉक्टरांना आजच सांगा. लाल भातातलं मोनॅकोलिन-के म्हणजेच लोव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉल कमी करणारं एक स्टॅटिनच. अकिरा एंडो यांनी ते १९७९ मध्ये मोनॅस्कसमधूनच वेगळं केलं. म्हणजे ते एकाच प्रकारचं औषध दोनदा घेतायत, आणि कॅप्सूलमध्ये किती आहे याचा भरवसा नाही. स्नायू दुखणं, लघवीचा रंग गडद होणं असं काही असेल तर थांबू नका. युरोपात २०२२ च्या नियमाने दिवसाला ३ मिलिग्रॅमच्या आतच परवानगी दिली, तीही इशाऱ्यासकट.

---

जुनंखोड

फोन केला. कॅप्सूल बंद केल्यात, उद्या दाखवायला जातायत. मनापासून आभार.

---

पेट्रीप्लेट

धागा वर काढतोय. नोंदलेलं कल्चर मिळालं, भात झाला, कॉलम लावला. हेक्झेनची धुलाई ठेवली होती, त्यातूनच छान पिवळं फ्रॅक्शन आलं. टीएलसीवर एकच ठिपका. मास करून आणलं: ३५९, ३८१, ३८७ आणि ४०९ असे चार पीक आहेत. ३८१ म्हणजे मोनॅस्कोरुब्रामिन ना? पण माझं फ्रॅक्शन तर पिवळं आहे. लाल कुठून आला?

---

काचनळी

शाब्बास. आणि प्रश्न अगदी योग्य जागी पडलाय.

लाल आलेला नाही. तू पॉझिटिव्ह मोड वापरला असणार. त्यात रेणू एक प्रोटॉन घेऊन दिसतो, म्हणजे वस्तुमान अधिक १. मोनॅस्कोरुब्रामिन असतं तर ३८२ ला दिसलं असतं. तुझं ३५९ म्हणजे मोनॅसिन (३५८) अधिक प्रोटॉन. ३५९ आणि ३८१ मध्ये फरक २२: प्रोटॉनऐवजी सोडियम. काचेतून, द्रावकातून सोडियम येतोच. आता ३८७ आणि ४०९ बघ, तिथेही २२. तो अँकाफ्लेविन (३८६), एकदा प्रोटॉनसकट, एकदा सोडियमसकट. म्हणजे चार पीक आणि पदार्थ दोन, सिलिकाला न सुटलेली जोडी.

---

डेल्टास्केल

थोडी भर घालतो, एनएमआरवर बसणं हाच माझा रोजचा उद्योग आहे. दोघांतला फरक २८. तो दोन सीएच२ चा असू शकतो किंवा एका सीओचा. हाय रिझोल्यूशन मास घे: दोन सीएच२ असतील तर २८.०३१, सीओ असेल तर २७.९९५. हे लिहिल्याशिवाय परीक्षक सोडणार नाहीत. मग सी-१८ वर वेगळं करून ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेल्या द्रावकात) प्रोटॉन एनएमआर काढ. ५ पीपीएमच्या आसपास ऑक्सिजनला लागलेल्या सीएच२ चे दोन डब्लेट (दोनात फाटलेले संकेत) दिसले पाहिजेत. नारिंगी रंगात ते नसतात, त्याऐवजी ८ च्या जवळ एका हायड्रोजनचा सिंगलेट असतो.

---

काचनळी

आणि पिवळा ठिपका अमोनियाच्या वाफेवर लाल का होत नाही, त्याचं उत्तर याच सीएच२ मध्ये आहे. नारिंगी रेणूत त्या जागी दुहेरी बंध आहे, अमाइन तिथेच येऊन धडकतं. मोनॅसिनमध्ये ती जागा हायड्रोजनने भरलेली. पेट्रीप्लेट, दोन्ही ठिपके शेजारी लावून वाफेवर धर आणि त्याचा फोटो प्रबंधात घाल. एचपीएलसीला सी-१८ कॉलम, अ‍ॅसिटोनायट्राइल-पाणी, डिटेक्टर ३९० वर. आधी येईल तो मोनॅसिन. दोन्ही गोळा करताना कुपी फॉइलमध्ये गुंडाळायला विसरू नकोस, आणि प्रोटॉन आला की इथे टाक.